मागचे केस पुढे आणताना

केशरोपणाने डोक्यावर एकही नवा केस जन्माला येत नाही. डोक्याच्या मागच्या बाजूचे आणि कानांवरचे केस मुळासकट काढून पुढच्या मोकळ्या जागेत लावले जातात, इतकंच. काढताना आणि लावताना काही मुळं दगावतात, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर केसांची एकूण संख्या वाढत नाही, थोडी घटतेच. शिवाय जिथे केस लावले त्याच्या आजूबाजूचे मूळचे केस आपल्या गतीने गळतच राहतात. दादर स्टेशनबाहेर हातात पडणाऱ्या पत्रकांत किंवा लोकलच्या डब्यातल्या जाहिरातींत या दोन गोष्टी सहसा लिहिलेल्या नसतात.

गिरगाव, लालबाग, परळ भागातली चोविशी-पंचविशीतली अनेक मुलं लग्नाची बोलणी सुरू व्हायच्या आत हे काम उरकून टाकू पाहतात. घरचेही साठवलेले पैसे काढून देतात. त्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे सगळं क्रमाने मांडायचं आहे. केस का जातात, किती परत आणता येतात, ते कोणाच्या हातून आणावेत आणि त्यानंतर वर्षानुवर्षं काय करावं लागतं, हे नीट कळल्याशिवाय कोणीही खुर्चीत बसू नये असं मला मनापासून वाटतं.

माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, पुढे सुमारे तीन महिने तो मुळात नुसता बसून असतो आणि मग गळतो. त्याच जागी दुसरा उगवतो. म्हणून दिवसाला ५० ते १०० केस गळणं हा आजार नव्हे.

ताप येऊन गेल्यावर गळणारे केस ही वेगळी गोष्ट आहे. डेंग्यू, टायफॉइड, मोठं ऑपरेशन, बाळंतपण किंवा उपाशी राहून झटपट उतरवलेलं वजन, यांतल्या कशानेही शरीराला धक्का बसला की वाढीच्या अवस्थेतले पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. गणपतीच्या सुमारास डेंग्यू झालेल्या माणसाचे केस दिवाळीच्या आसपास मुठीने हातात येतात, आणि तोवर ताप विसरलेला असतो. कोविडनंतर असंख्य लोकांनी हेच अनुभवलं. हे केस बहुतेक वेळा पुढच्या सहा-आठ महिन्यांत आपोआप परत येतात. त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया करायची गरजच नसते.

चाई पडते तेव्हा शरीराची प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवरच उलटलेली असते. नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा दिसतो. तिथे रोपण केलं तर लावलेल्या केसांवरही तोच हल्ला होऊ शकतो. थायरॉइडचा बिघाड, रक्तात लोह कमी असणं, टाळूचा बुरशीसंसर्ग, मुळं कायमची जाळून व्रण उठवणारे काही त्वचारोग, ही कारणं आणखी निराळी. २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये लोकांचे केस काही दिवसांत गळून टक्कल पडू लागलं, तेव्हा आधी पाण्यावर संशय गेला, मग आयसीएमआरचं पथक आलं, आणि महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तात आणि रेशनच्या गव्हात वाढलेल्या सेलेनियमकडे लक्ष वेधलं. केस गळण्यामागे किती अनपेक्षित कारण निघू शकतं, याचं हे आपल्याच राज्यातलं उदाहरण आहे.

त्यामुळे पहिली पायरी सर्जनची नाही, त्वचारोगतज्ज्ञाची आहे. परळच्या केईएम रुग्णालयात किंवा मुंबई सेंट्रलच्या नायरमध्ये त्वचारोगाच्या ओपीडीत केस पेपर काढून दाखवता येतं. रांग असते, पण तिथे तुम्हाला काही विकायला कोणी बसलेलं नसतं, आणि हा फायदा लहान नाही. डॉक्टर डर्मोस्कोप नावाच्या भिंगातून टाळू पाहतात, जवळजवळचे केस ओढून किती सुटतात ते बघतात, गरज असेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड तपासायला सांगतात. एक सूचना: केसांसाठी म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी ते सांगा. बायोटिनमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही चाचण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

हे सगळं बाजूला काढल्यावर पुरुषांमध्ये बहुतेकदा जे उरतं ते आनुवंशिक टक्कल. टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचं शरीरात डीएचटी नावाच्या संप्रेरकात रूपांतर होतं. कपाळावरच्या आणि टाळूच्या माथ्यावरच्या केसांची मुळं काही लोकांमध्ये जन्मतःच डीएचटीला हळवी असतात. प्रत्येक फेरीत उगवणारा केस आधीपेक्षा बारीक आणि आखूड होत जातो, शेवटी नुसती लव उरते. म्हणजे केस एका दिवसात जात नाहीत, ते वर्षानुवर्षं बारीक होत जातात. जेम्स हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये आणि ओ'टार नॉरवूड यांनी १९७५ मध्ये या प्रवासाचे टप्पे मांडले. आजही डॉक्टर 'नॉरवूड तीन', 'नॉरवूड पाच' असं म्हणतात ते त्यावरून. सातव्या टप्प्यावर फक्त कानापासून कानापर्यंतचा पट्टा उरतो. हा दोष आईकडून किंवा वडिलांकडून, दोन्हीकडून येऊ शकतो. घरातले काका, मामा, आजोबा यांच्या डोक्याकडे नीट पाहिलं तर आपला प्रवास कुठवर जाईल याचा अंदाज येतो. चांगला डॉक्टर हे विचारतोच.

मागचा पट्टा का टिकतो? तिथली मुळं डीएचटीला दाद देत नाहीत. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्रिक यांनी १९५२ मध्ये पहिल्यांदा असे केस पुढे लावून पाहिले आणि १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: केसाने जागा बदलली तरी तो मूळच्या जागेचा स्वभाव सोडत नाही. जपानमध्ये शोजी ओकुडा यांनी १९३९ मध्येच भाजलेल्या जागांवर केस लावण्याची पद्धत लिहून ठेवली होती, पण युद्धाच्या धामधुमीत ती जगापर्यंत पोचली नाही. कोकणातून आलेल्या घरांना हे सहज कळेल: तरव्यातून रोपं उपटून खाचरात लावायची, तसं हे काम आहे. फरक असा की भाताचा तरवा दरवर्षी पुन्हा पेरता येतो, डोक्यामागचा एकदाच मिळतो.

आता हिशेब. सर्जन एकेक केस मोजत नाहीत, ग्राफ्ट मोजतात. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात, सरासरी दोन. मागच्या सुरक्षित पट्ट्यातून आयुष्यभरात साधारण पाच-सहा हजार ग्राफ्ट काढता येतात. कोणाचे चार हजारच, कोणाचे आठ हजारांपर्यंत. मूळच्या दाट डोक्यावर एका चौरस सेंटीमीटरमध्ये ६५ ते ८५ ग्राफ्ट असतात. रोपणात ४० लावले तरी डोळ्याला भरलेलं दिसतं. कपाळावरची रेषा आणि तिच्यामागचा भाग मिळून ५० ते ६० चौरस सेंटीमीटर धरले तर दोन हजार ते चोवीसशे ग्राफ्ट लागतात. पण टक्कल पुढे सहाव्या टप्प्यापर्यंत गेलं तर उघडी जागा २०० चौरस सेंटीमीटरच्या घरात जाते. चाळीसच्या हिशेबाने तिथे आठ हजार ग्राफ्ट लागतील, आणि तेवढा साठा बहुतेकांकडे नसतोच.

म्हणून चोविसाव्या वर्षी कॉलेजातल्या फोटोसारखी, भुवयांजवळ उतरलेली दाट रेषा मागणं धोक्याचं असतं. तीन हजार ग्राफ्ट पुढच्या रेषेत ओतले, आणि दहा-बारा वर्षांत त्यामागचे मूळचे केस गेले, की कपाळावर केसांचं एक बेट उरतं आणि मागे मोकळं रान. भरायला साठा शिल्लक नसतो. जाणते सर्जन प्रौढ माणसाला शोभेल अशी रेषा आखतात, भुवयांच्या मधल्या बिंदूपासून सात-आठ सेंटीमीटर वर, कडेचे कोपरे थोडे आत घेतलेली. पंचविशीच्या आतल्या मुलाला ते बहुतेकदा थांबायला सांगतात. माझ्या मते डॉक्टर पारखण्याची पहिली कसोटी हीच आहे. जो तुम्हाला 'आत्ता नको' म्हणू शकतो, त्याचं पुढचं बोलणं ऐकावं.

थांबायचं म्हणजे हात बांधून बसायचं नाही. याच काळात औषधं सुरू होतात, आणि इथे बहुतेकांचा धीर सुटतो. मिनॉक्सिडिल हे मूळचं रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, त्यावरून टाळूला लावायचं द्रावण निघालं आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पुरुषांना सहसा पाच टक्क्यांचं, दिवसातून दोनदा, कोरड्या टाळूवर. पहिल्या दोन महिन्यांत केस जास्तच गळतात. जुने केस जागा सोडत असतात म्हणून तसं होतं, पण घाबरून बाटली फेकून देणारे इथेच फेकतात. फरक कळायला चार ते सहा महिने जातात. बंद केलं तर मिळवलेलं तीन-सहा महिन्यांत परत जातं.

दुसरं औषध फिनास्टराइड, एक मिलिग्रॅमची गोळी, टकलासाठी १९९७ पासून मान्य. ती टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी होणं रोखते आणि रक्तातलं डीएचटी सुमारे ७० टक्क्यांनी कमी करते. बहुतेक पुरुषांचं गळणं थांबतं किंवा मंदावतं, काहींचे बारीक झालेले केस पुन्हा जाड होतात. थोड्या लोकांना लैंगिक इच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं असे त्रास होतात, काहींची मनःस्थिती ढासळते. २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने आत्महत्येचे विचार हा या गोळीचा ज्ञात दुष्परिणाम असल्याचं नोंदवलं. म्हणून आधी नैराश्य येऊन गेलं असेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं, आणि मित्राने सांगितली म्हणून मेडिकलमधून ही गोळी घेणं बरोबर नाही. आणखी दोन गोष्टी औषध देताना अनेकदा सांगायच्या राहून जातात. ही गोळी घेणाऱ्याने रक्तदान करू नये, बंद केल्यावरही महिनाभर थांबावं, कारण ते रक्त गर्भवतीला दिलं गेलं तर पोटातल्या मुलग्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. मंडळांची रक्तदान शिबिरं आपल्याकडे जोरात असतात, तिथे हे लक्षात ठेवावं. आणि पन्नाशीनंतर प्रोस्टेटसाठी पीएसए चाचणी करताना या गोळीबद्दल सांगावं. तिच्यामुळे तो आकडा जवळजवळ निम्मा येतो आणि खरा धोका झाकला जाऊ शकतो.

पीआरपी म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट वेगळ्या करून टाळूत टोचणं. काहींना उपयोग होतो, पण तयार करण्याची पद्धत जागोजागी वेगळी असल्याने परिणामाची खात्री देता येत नाही. औषधांच्या जोडीला ठीक, त्यांच्या ऐवजी नाही. तेलं आणि चूर्णांबद्दल एवढंच सांगतो की औषधविषयक नियमांच्या 'जे' अनुसूचीत, म्हणजे जे बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही अशा विकारांच्या यादीत, टक्कल आणि नवे केस उगवणं यांचा स्पष्ट समावेश आहे.

औषधांवर निदान सहा महिने ते वर्ष गेलं, फोटोंमध्ये गळणं स्थिरावल्याचं दिसलं, आणि तरीही पुढची जागा मोकळी राहिली, तर आता सर्जन.

मार्च २०१९ मध्ये मुंबईतल्या एका ४३ वर्षांच्या व्यावसायिकाने चिंचपोकळीतल्या एका क्लिनिकमध्ये केशरोपण करून घेतलं. त्या वेळच्या बातम्यांनुसार सुमारे ९,५०० केशमुळांचं रोपण एकाच प्रदीर्घ बैठकीत झालं. नंतर चेहऱ्यावर आणि घशाला सूज आली, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, आणि दोनेक दिवसांत रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. तीव्र ॲलर्जीची शंका उपचार करणाऱ्यांनी व्यक्त केली होती. लालबागपासून हाकेच्या अंतरावर घडलेली ही घटना आठवली की ग्राफ्टची मोठी संख्या हे जाहिरातीतलं आकर्षण कसं ठरू शकतं, याचं मला दुःख होतं.

एका दिवसात किती, हा प्रश्न फक्त हौसेचा नाही. टाळू बधिर करायला लिग्नोकेन टोचतात. ॲड्रेनलिन मिसळलेलं असेल तर त्याची मर्यादा शरीराच्या दर किलोला सात मिलिग्रॅम धरतात. सत्तर किलोच्या माणसाला ४९० मिलिग्रॅम, म्हणजे दोन टक्क्यांचं द्रावण असेल तर साडेचोवीस मिलीच्या आत. बैठक लांबली की बधिरपणा उतरतो, पुन्हा टोचावं लागतं, आणि मर्यादा जवळ येत जाते. ती ओलांडली तर झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ॲलर्जी तर अगदी थोड्या मात्रेवरही येऊ शकते. दुसरीकडे काढलेली मुळंही वाट पाहत नाहीत. शरीराबाहेर जितका वेळ जास्त, तितकी कमी जगतात. म्हणूनच अनुभवी सर्जन एका दिवशी साधारण अडीच-तीन हजारांच्या आसपास थांबतात आणि गरज पडली तर काम दोन दिवसांत किंवा काही महिन्यांच्या अंतराने करतात.

विचारायचे प्रश्न इथूनच निघतात. लिग्नोकेनच्या मात्रेची नोंद कोण ठेवतं? भूलतज्ज्ञ हजर असतात की फोनवर बोलावले जातात? ऑक्सिजन, ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, हृदयाला धक्का देणारं यंत्र खोलीत आहे का? काही बिनसलं तर कोणत्या रुग्णालयात नेणार, आणि त्यांच्याशी आधी बोलून ठेवलं आहे का? शस्त्रक्रियेआधी रक्तदाब, साखर, ईसीजी, हिपॅटायटिस आणि एचआयव्हीच्या तपासण्या करून घेतात का? रक्त पातळ करणाऱ्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत का हे विचारलं का? हे प्रश्न विचारल्यावर समोरचा माणूस वैतागला, तर त्याच्याकडे डोकं सोपवू नका.

'समोरचा माणूस' म्हणायचं कारण आहे. अनेक ठिकाणी पहिल्या भेटीत डॉक्टर नसतातच. टापटीप कपड्यातला काउन्सिलर असतो, तो टाळूवर मार्करने रेघ ओढतो, ग्राफ्टची संख्या सांगतो, पॅकेज सांगतो आणि आज बुकिंग केलं तर सूट देतो. डॉक्टरने तपासण्याआधी संख्या सांगितली गेली, तर ती विक्रीची संख्या आहे. डॉक्टरला स्वतः भेटल्याशिवाय, आणि तेही दुसऱ्या दिवशी घरी जाऊन विचार करायला वेळ मिळाल्याशिवाय, ॲडव्हान्स देऊ नये.

मग डॉक्टर कोण? राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. दिल्लीत केशरोपणानंतर एका तरुणाचा मृत्यू झाला होता आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं होतं, त्याची ही पार्श्वभूमी. केशरोपणासाठी औपचारिक शस्त्रक्रिया-प्रशिक्षण हवं, म्हणजे मुख्यतः प्लास्टिक सर्जरीतलं एमसीएच किंवा डीएनबी, नाहीतर त्वचारोगातलं एमडी किंवा डीएनबी. यूट्यूबवर किंवा कार्यशाळेत पाहून शिकलेलं पुरेसं नाही, असं त्या सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे. कानपूरमध्ये केशरोपणानंतर दोन अभियंत्यांचे मृत्यू झाले आणि २०२५ मध्ये ते प्रकरण देशभर गाजलं, तेव्हा ज्यांच्यावर गुन्हा दाखल झाला त्या दंतवैद्य होत्या. पाटीवरच्या 'ट्रायकॉलॉजिस्ट' किंवा 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' या शब्दांवरून शस्त्रक्रियेचं शिक्षण कळत नाही. पाटीवर एमडी असेल तर कशातलं एमडी, हेही वाचायला हवं.

नोंदणी तपासणं सोपं आहे. ॲलोपॅथीच्या प्रत्येक डॉक्टरची महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंद असते, आणि नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापणं बंधनकारक आहे. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक टाकला की पदवी दिसते. तिथे पदव्युत्तर पदवी नोंदलेली नसेल तर डॉक्टरांनाच विचारा. परिषदेचं कार्यालय चिंचपोकळी पश्चिमेला, साने गुरुजी मार्गावर, आर्थर रोड नाक्याजवळ आहे, म्हणजे लालबाग-परळकरांना बसनेही लांब नाही. बीएएमएस आणि बीएचएमएस डॉक्टरांच्या परिषदा वेगळ्या. वरच्या सूचनांतल्या पात्रतेत त्या पदव्या बसत नाहीत.

पदवी खरी निघाली तरी एक प्रश्न उरतोच, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हात कोणाचा असेल? केशरोपणाचे तीन भाग असतात. मागून ग्राफ्ट काढणं, पुढे बारीक छेद देणं, आणि त्या छेदांत ग्राफ्ट बसवणं. छेदांची दिशा, कोन, दाटी यावरच केस नैसर्गिक दिसणार की बाहुलीच्या केसांसारखे उभे राहणार हे ठरतं. ग्राफ्ट बसवायला प्रशिक्षित सहायक लागतातच, त्यात गैर काही नाही. पण काढणं आणि छेद देणं हे कातडी कापण्याचं काम आहे, ते डॉक्टरनेच करायला हवं. 'डॉक्टर देखरेख करतात' हे उत्तर पुरेसं नाही. कोणता टप्पा कोण करणार ते संमतीपत्रात लिहून मागा. त्या दिवशी त्याच डॉक्टरांची आणखी किती ऑपरेशनं आहेत हेही विचारा. तीन खोल्यांत तीन माणसं झोपलेली असतील तर एक डॉक्टर तिन्हीकडे छेद देत नसतो.

पद्धतींच्या नावांवर फार वेळ घालवायची गरज नाही. एफयूटीमध्ये मागून कातडीची एक अरुंद पट्टी काढून सूक्ष्मदर्शकाखाली ग्राफ्ट सोडवतात. मागे एक रेघ राहते, केस अगदी बारीक कापले तर ती दिसते. एफयूईमध्ये एक मिलिमीटरच्या आतबाहेरच्या पोकळ सुईने एकेक ग्राफ्ट काढतात. रेघ नसते, पण ठिपक्यांसारखे व्रण असतात, आणि हावरटपणे काढले तर मागचं डोकं कुरतडल्यासारखं विरळ होतं. यापुढची बहुतेक चमकदार नावं ही याच दोन पद्धतींची दुकानी रूपं आहेत. फोटो बघताना मात्र कडक राहा. एकाच प्रकाशात, एकाच कोनातून, ओले आणि कोरडे, केस मागे वळवलेले, वर्षभरानंतरचे, आणि मागच्या बाजूचेही. जमलं तर तीन-चार वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या एखाद्याला प्रत्यक्ष भेटवतात का ते पाहा.

पैशांबद्दल थोडक्यात. आरोग्यसेवांना जीएसटीत सूट असली तरी त्या व्याख्येतून केशरोपण २०१७ पासूनच वगळलेलं आहे, त्यामुळे सांगितलेली रक्कम करासहित की कराशिवाय ते आधी विचारावं आणि पक्कं बिल घ्यावं. आरोग्य विमा सहसा हा खर्च देत नाही. ग्राफ्टमागे दर असेल तर मोजणी कोण करतं आणि तुम्हाला दाखवतात का, हेही ठरवून घ्यावं.

स्त्रियांचं गणित निराळं. त्यांच्यात पुढची रेषा बहुधा टिकते आणि भांगाच्या दोन्ही बाजू विरळ होत जातात. मागचे केसही अनेकदा विरळच असतात, त्यामुळे घ्यायला सुरक्षित साठा नसतो. पुष्कळजणींना औषधांनीच जास्त फायदा होतो. फिनास्टराइड गर्भारपणाच्या शक्यतेच्या वयात टाळतात, फुटलेल्या गोळीला हातही लावू नये.

शस्त्रक्रियेनंतरचं वर्ष सहनशीलतेचं असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळावर, कधी डोळ्यांवर सूज उतरते. खपल्या सात ते दहा दिवसांत जातात. या काळात गर्दीच्या लोकलमध्ये वरच्या दांडीवर डोकं आपटणं, हेल्मेट, उन्हातली धावपळ टाळावी लागते. शिवाजी पार्कच्या तलावात पोहणाऱ्यांनी महिनाभर पाण्यापासून दूर राहावं. मुंबईचा मे महिना घामाचा आणि जुलै ओला, त्यामुळे निवड करता येत असेल तर दिवाळीनंतरचे दिवस बरे. मग दोन ते सहा आठवड्यांत लावलेले केस गळतात. मूळ आत असतं, फक्त केस पडतो, हे आधी कळलं नसेल तर माणूस खचून जातो. आजूबाजूचे मूळचे केसही काही काळ गळू शकतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक केस दिसू लागतात, सहाव्या ते नवव्या महिन्यात अर्धंअधिक चित्र उमटतं, वर्षाने पुढचा भाग पूर्ण होतो आणि माथ्याला दीड वर्षही लागतं. म्हणजे लग्नाच्या दोन महिने आधी रोपण केलं, तर लग्नाच्या फोटोत सर्वांत वाईट टप्पा येईल.

आणि औषधं चालूच. लावलेल्या केसांना त्यांची गरज नसते, मूळच्या केसांना असते. वर्ष-दोन वर्षांनी 'आता झालं' म्हणून बंद करणाऱ्यांनाच पुढे दुसऱ्या शस्त्रक्रियेची वेळ लवकर येते. दर सहा महिन्यांनी त्याच खिडकीजवळ, त्याच अंतरावरून, समोरून, वरून आणि मागून फोटो काढून ठेवावेत. आरशात रोज पाहताना बदल कळत नाही. फोटोंवरून डॉक्टर मात्रा बदलू शकतात, गोळी सोसत नसेल तर दुसरा मार्ग सुचवू शकतात. औषध आयुष्यभर नको वाटत असेल तर तेही प्रामाणिकपणे डॉक्टरांशी बोलावं. मग रोपणाचा आराखडाच वेगळा करावा लागतो, किंवा केस बारीक कापून टक्कल स्वीकारणं, हेअर पॅच वापरणं हे मार्गही आहेत आणि त्यांत कमीपणा काहीच नाही.

कागद सांभाळून ठेवा: शस्त्रक्रियेआधीचे फोटो, संमतीपत्र, लिग्नोकेनची आणि इतर औषधांची नोंद, कुठून किती ग्राफ्ट काढले आणि कुठे लावले याचा तक्ता, बिल. पंधरा वर्षांनी दुसऱ्या सर्जनकडे जावं लागलं तर मागचा साठा किती उरला हे त्याच कागदांवरून कळतं. शस्त्रक्रियेत हलगर्जी झाली असं वाटलं तर आधी त्या डॉक्टरांकडे लेखी विचारणा करावी. उत्तर मिळालं नाही तर वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते, भरपाईसाठी ग्राहक आयोगाकडे जाता येतं, आणि दोन्हीकडे पहिल्याच दिवशी हीच कागदपत्रं मागतात.